वतन गेले; वाटणीचे काय?

बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे आचरणाचे जसे प्रश्न आहेत, तसेच पोटाचेही आहेत. वंदना कशी म्हणावी, विवाहविधी कसा करावा, घरातील जुने देव कोठे विसर्जित करावेत, हे प्रश्न लोक विहारात येऊन उघडपणे विचारतात. परंतु एक प्रश्न कोणी विहारात आणीत नाही. तो घरातल्या घरात, बहुधा वडिलांचे पुण्यानुमोदन आटोपल्यावर, दबक्या आवाजात निघतो. मुंबईहून आलेला धाकटा भाऊ थोरल्यास विचारतो, "दादा, आता वाटे कधी करायचे?" थोरला मान खाली घालतो, आणि सासरहून आलेल्या बहिणी उठून आत जातात. वाचकहो, आज आम्हांस तुमच्याशी बोलावयाचे आहे ते या प्रश्नाविषयी.

प्रथम हे ध्यानात घ्या की, आमच्या बहुतेक घरांत जी थोडीफार जमीन आहे ती इतरांच्या जमिनीसारखी आलेली नाही. आमच्या वाडवडिलांना ती मिळाली ती मालकी म्हणून नव्हे, तर चाकरीची खूण म्हणून. हाडकी हाडवळा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या तुकड्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकी करावी लागे. सरकारी टपाल पोचवावे, मृत्यूची बातमी परगावी न्यावी, आलेल्या अंमलदाराची सरबराई करावी, मेलेले जनावर ओढावे, आणि भाकरीसाठी दारोदार हात पसरावा. १८७४ च्या वतन कायद्याने या चाकरीस कायद्याचे कुलूप घातले. जमीन माणसाची नव्हती. माणूस जमिनीचा होता.

परमपूज्य बाबासाहेबांनी हे कुलूप तोडण्याचा प्रयत्न फार पूर्वीच आरंभिला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. ज्याला चाकरी नको असेल त्याने पूर्ण सारा भरावा आणि जमीन आपल्याकडे ठेवून मोकळे व्हावे, असा त्याचा आशय होता. निवड समितीत विधेयकाचा मूळ हेतूच हरपला, तेव्हा १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतले. जे त्या वेळी झाले नाही ते पुढे तीस वर्षांनी झाले. १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने जुन्या मुंबई राज्याच्या जिल्ह्यांत १ ऑगस्ट १९५९ पासून ही वतने संपुष्टात आली. जमीन सरकारजमा होऊन, ठराविक कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारास ती पुन्हा देण्यात आली. मात्र नवीन व अविभाज्य शर्तीवर. आज तुमच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले दिसते, त्याच्यामागे हा इतिहास आहे. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही.

'अविभाज्य' हा शब्द नीट वाचा. कायद्याने तो आपल्या कारणासाठी घातला. परंतु तो आमच्या घरांनी आपल्या कारणासाठीही मनावर घेण्यासारखा आहे. कारण वतन गेले आणि बेडी तुटली हे खरे. पण बेडी तुटलेल्या हातांनी आम्ही त्याच जमिनीच्या चिंध्या करू लागलो आहोत.

चिंध्या होण्याचे हे दुखणे एकट्या आमचे नव्हे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या गावात १७७१ साली एका खात्याची सरासरी जमीन ४० एकर होती. १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. दीडशे वर्षांच्या आत शेत सहापटींनी लहान झाले. आज तेच गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. जेथे डॉ. मान यांनी शेताच्या पट्ट्या मोजल्या, तेथे आता इमारतींचे मजले मोजावे लागतात. शेत आधी लहान होते आणि पुढे शेतच राहत नाही, ही वाट एका गावाने आम्हांस चालून दाखविली आहे.

आता सबंध महाराष्ट्राकडे पाहा. सरकारच्या कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये राज्यात सुमारे ५० लाख वहिती खाती होती आणि एका खात्यास सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकरांहून थोडी अधिक जमीन होती. २०१५-१६ मध्ये खाती झाली सुमारे १ कोटी ५३ लाख, आणि सरासरी उरली १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. कसणुकीखालील एकूण जमीन जवळजवळ तेवढीच राहिली. तिच्यावर बसणारी माणसे तिप्पट झाली. ही झाली सर्व जातींची सरासरी. देशातील अनुसूचित जातींच्या वाट्याला २०१५-१६ मध्ये खात्यामागे सरासरी ०.७८ हेक्टर, म्हणजे दोन एकरांहूनही कमी जमीन होती. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशाच्या लोकसंख्येत शंभरात सोळाहून अधिक माणसे अनुसूचित जातींची. पण कसल्या जाणाऱ्या जमिनीत त्यांचा वाटा शंभरात नवांहूनही कमी. यांतही ज्यांच्या नावे तसूभर जमीन नाही अशी घरे धरलेलीच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, "एवढ्याशा तुकड्याचा विचार तरी काय करावयाचा? विकून टाकावा आणि मोकळे व्हावे." बंधूंनो, येथेच थांबून बाबासाहेबांनी या विषयावर काय विचार केला होता तो समजून घ्या. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रे आणि त्यांवरील उपाय या विषयावर एक निबंध लिहिला. त्या काळचे अर्थपंडित म्हणत की, शेते लहान आहेत म्हणून शेतकरी दरिद्री आहे. तेव्हा शेते एकत्र करून मोठी करा. बाबासाहेबांनी हा विचारच उलटा करून दाखविला. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही. बैल, अवजारे, खत, पाणी व राबणारे हात यांच्याशी त्याचे प्रमाण काय, यावर ते ठरते. ज्याच्याकडे ही साधने नाहीत त्यास पाच एकरही झेपत नाहीत. ज्याच्याकडे विहीर व भांडवल आहे तो दोन एकरांत घर चालवितो. खरा रोग वेगळाच आहे. जमिनीवर गरजेहून अधिक माणसे बसली आहेत आणि त्यांना दुसरा उद्योग नाही. रिकामे हात जमिनीतून काही वाढवीत नाहीत. आहे तेच खातात. म्हणून उपाय शेतीत शोधण्याआधी उद्योगधंद्यांत शोधला पाहिजे, हा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे.

नऊ वर्षांनी, १० ऑक्टोबर १९२७ रोजी, लहान शेतकऱ्यांसंबंधीच्या सरकारी विधेयकावर कौन्सिलात बोलताना त्यांनी याच विचाराचे पुढचे पाऊल टाकले. लहान तुकडे एकत्र करण्यासाठी एकाला मालक करून बाकीच्यांस बाहेर काढणे म्हणजे भूमिहीनांची फौज निर्माण करणे होय, हा धोका त्यांनी दाखविला. त्याऐवजी त्यांनी सहकारी शेती सुचविली. मालकी ज्याची त्याची राहावी आणि कसणूक मात्र एकत्र व्हावी, असा तो मार्ग होता. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात तर त्यांनी शेती हा राज्याचाच उद्योग व्हावा, जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, असे मांडले. देशाने ते स्वीकारले नाही. परंतु जे देशाने केले नाही ते एका बापाच्या लेकरांनी आपल्या सहा एकरांत करू नये, असा नियम कोठे आहे?

एक साधे उदाहरण घ्या. एका घरात सहा एकर जिराईत जमीन आहे, एक विहीर आहे. वारस तीन भाऊ आणि दोन बहिणी. वाटे केले तर पाच पट्ट्या पडतील. पट्ट्यांमध्ये बांध येतील, आणि बांध म्हणजे पिकावाचून पडलेली जमीन. विहीर एकाच्या पट्टीत जाईल आणि चौघे पाण्याच्या पाळीसाठी त्याच्या दाराशी उभे राहतील. मागच्या पट्टीवर जाण्यास वाट लागेल आणि ती वाट पुढच्याच्या पिकातून जाईल. प्रत्येकास वेगळे औत परवडणार नाही, म्हणून प्रत्येकजण भाड्याने घेईल. तिसऱ्या वर्षी एक भाऊ कंटाळून आपली पट्टी विकेल. घेणारा बहुधा शेजारचा बडा खातेदार असेल. पाचव्या वर्षी घरात जमीन नसेल, कोर्टाच्या तारखा तेवढ्या असतील. हे सर्व आपण गावोगाव पाहिलेले आहे.

हीच जमीन पाच नावांनी एकत्र ठेवली तर काय होईल? जो गावी राहतो तो कसेल. त्याने केलेल्या कामाची मजुरी वहीत आधी मांडावी. बी, खत, औत यांचा खर्च मांडावा. आणि उरेल त्याचे पाच समान भाग करावेत. मुंबईच्या भावास पोतेभर ज्वारी पुरते. पण नाव राहते. दोन वर्षांचा उरलेला पैसा विहिरीवर मोटर बसविण्यास लावला तर तीच जमीन, बाबासाहेबांच्या हिशेबाने, मोठी होते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग करून दोन भाग उद्योगात आणि एक भाग आपत्काळासाठी राखण्यास सांगितले आहे. हा उपदेश भिक्खूंना नव्हे, तुम्हांआम्हांसारख्या घरधन्यांना आहे. तो केवळ ऐकण्यासाठी नाही. वही घालून आचरण्यासाठी आहे.

आता बहिणींविषयी बोलू, कारण वाटणीचा सर्वांत मोठा अन्याय तेथे होतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याची विधवा, आई, मुलगे व मुली हे बरोबरीचे वारस होत. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची भागीदार आहे. त्या दिवशी बाप हयात असलाच पाहिजे असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. असे असता आमच्या घरांत काय चालते? बहिणीस माहेरी बोलावितात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा किंवा सही घेतात. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असते. हिंदू कोड बिल अडविले गेले, हे ज्यांच्या १९५१ च्या राजीनाम्याचे एक प्रमुख कारण होते, त्यांच्याच तसबिरीखाली ही सही होते! ज्या घराने मनूचा कायदा टाकला म्हणून पंचशील घेतले, त्या घराने मनूची वाटणी चालू ठेवावी, यासारखी विसंगती नाही. बहिणीस राजीखुशीने काही द्यावयाचे असेल तर तिचा तिने निर्णय करावा. परंतु साडीच्या मोबदल्यात हक्क घेणे हे अदिन्नादानच होय.

यावर आमचे काही तरुण मित्र एक आक्षेप घेतात. ते म्हणतात, "बाबासाहेबांनी तर आम्हांस खेडे सोडण्यास सांगितले. मग जमिनीला चिकटून राहण्याचा हा उपदेश कशासाठी?" आक्षेप वाजवी आहे. खेडे म्हणजे अज्ञानाची व जातीयतेची गुहा आहे, या अर्थाचे मत बाबासाहेबांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी निःसंदिग्धपणे मांडले होते, आणि आम्हीही खेड्याचे गोडवे गात नाही. घरातील जितकी मुले शिकून शहरात, कारखान्यात, कचेरीत जातील तितकी जावीत. १९१८ च्या निबंधाचाही हाच बोध आहे. परंतु गाव सोडणे वेगळे आणि गावातील हक्क सोडणे वेगळे. वतनाच्या जमिनीने आम्हांस बांधले, कारण ती आमची नव्हती. आज जी आमच्या नावे आहे ती आम्हांस बांधीत नाही. शहरातील काम सुटले, गिरणी बंद पडली, तर परत येऊन उभे राहण्यास तेवढीच जागा आहे. शिवाय, ज्याची गावात जमीन नाही त्याच्यावर बहिष्कार घालणे सोपे असते, हे धर्मांतरानंतर ज्यांनी मजुरी बंद झालेली सोसली त्या वडीलधाऱ्यांना विचारा.

याचा अर्थ असा नव्हे की, घरातील वाटणी नीट केली म्हणजे सरकारचे कर्तव्य संपले. जमिनीच्या फेरवाटणीचे कायदे झाले, पण ते आमच्यापर्यंत फार थोडे पोचले. कूळ कायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्यास मालक केले. परंतु ज्याची कूळ म्हणून नोंद होती त्यालाच. आमचे लोक बहुतेक मजूर, त्यांची नोंद कोठली? १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने आणि १९७५ मध्ये त्याची मर्यादा खाली आणल्यावर जादा जमीन काढून घेण्याचे ठरले. पण कोरडवाहू जमिनीची मर्यादा तरीही ५४ एकर राहिली, आणि बड्या खातेदारांनी नातलगांच्या नावे कागद करून आपले पुष्कळ वाचविले. म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. लाखो माणसे, स्त्रिया कडेवर लेकरे घेऊन, तुरुंगात गेली. त्यांची पहिली मागणी पडीक जमीन कसणाऱ्यास द्या हीच होती.

ती मागणी आजही पुरी झालेली नाही. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात भूमिहीन दलितांनी शेतीसाठी केलेली गायरानावरील अतिक्रमणे नियमित करावीत, असा निर्णय राज्य शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ रोजी घेतला. तरी अनेक गावांत कसणारा एक आणि सातबाऱ्यावर सरकार, असे अजून आहे. २००४ पासून दादासाहेबांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. तीत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत जमीन देण्याची तरतूद आहे, आणि २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. ज्या घरी जमीन नाही त्यांनी समाजकल्याण कचेरीत लेखी अर्ज करावा व पोच घ्यावी. कूटदंत सुत्तात राजाला दिलेला सल्ला आठवा: राज्यातील उपद्रव दंडाने मिटत नाही, जो शेती करतो त्यास बी-बियाणे व चारा पुरवावा म्हणजे तो मिटतो. आम्ही सरकारकडे भीक मागत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेला राजधर्म मागतो.

तेव्हा, वाचकहो, आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. घरातील कोणी वारल्यास तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या आणि आई, बहिणी, भाऊ या सर्वांची नावे लावून घ्या. फेरफाराची नक्कल घरी ठेवा. कोऱ्या कागदावर, मुखत्यारपत्रावर किंवा विसार पावतीवर वाचल्यावाचून सही करू नका. वर्ग २ ची जमीन परवानगीवाचून विकणाऱ्याची जमीन सरकारजमा होऊ शकते आणि हाती आलेला पैसाही भांडणात जातो. वाटणी करणे भागच पडले तर ती तोंडी करू नका. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून ती कागदावर करा. पण त्याआधी एक वर्ष, फक्त एक वर्ष, एकत्र कसून पाहा.

आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो आणि आश्विनी पौर्णिमेस संपतो. या तीन महिन्यांत आपल्या घरी ग्रंथवाचन होते, शेजारीपाजारी येतात, शहरातील माणसे एखादा रविवार गावी काढतात. त्यांतील एका संध्याकाळी वाचन आटोपल्यावर सातबारा चटईवर पसरा. आईस मध्ये बसवा, बहिणींना आतून बाहेर बोलवा, आणि सर्वांच्या देखत वहीचे पहिले पान लिहा. आमच्या वाडवडिलांनी त्या जमिनीसाठी गावाची चाकरी केली आणि तरी ती त्यांची झाली नाही. ती आमची होण्यासाठी बाबासाहेबांना कौन्सिलात आणि दादासाहेबांना तुरुंगात जावे लागले. आता ती आमच्या मुलामुलींची राहावी म्हणून आम्हांस एवढेच करावयाचे आहे की, भावाने भावाकडे व बहिणीकडे शेजारच्या खातेदाराच्या डोळ्यांनी पाहू नये.